पाण्याकाठचं आलिशान हॉटेल कसं उभारावं: आधी पातळ्या, मग नकाशा

पाण्याकाठच्या हॉटेलाचं काम हाती आलं की बहुतेक जण आधी नकाशा मांडतात. लॉबी इथे, स्विमिंग पूल तिथे, खोल्या पाण्याकडे तोंड करून. हा क्रम उलटा आहे. पहिला कागद छेदचित्राचा असावा: पाण्याच्या तळापासून मागच्या रस्त्यापर्यंत जमीन उभी कापली तर जे दिसेल ते, प्रत्येक पातळीचा आकडा लिहून. इथे महागात पडणाऱ्या बहुतेक चुका उंचीच्या असतात. जोतं हातभर खाली राहतं, कठडा नेमका डोळ्यांच्या रेषेत येतो, पूलची कड ५ मिलिमीटरने कलते, बाल्कनीची फरशी खोलीच्या समपातळीत ओतली जाते. आतली भिंत पाडून हलवता येते. पातळी एकदा काँक्रीटमध्ये गेली की तिच्यासोबतच राहावं लागतं.

पाणी कुठपर्यंत येईल

समुद्रकाठी मुख्य मजल्याची पातळी ठरवताना पाच आकडे एकावर एक चढतात: सर्वांत मोठ्या उधाणाची भरती, वादळात वाऱ्याने आणि कमी दाबाने पाणी फुगून जेवढं वर येतं ते, लाट उतारावर जेवढी चढते ते, इमारतीच्या आयुष्यात समुद्राची पातळी जेवढी वाढेल ते, आणि शेवटी राखीव उंची. समजा, हे आकडे अनुक्रमे २.४, १.२, ०.९, ०.५ आणि ०.६ मीटर निघाले, तर फरशी सरासरी समुद्रपातळीपासून ५.६ मीटरवर हवी. सगळे वाईट योग एकाच दिवशी जुळतीलच असं नाही, म्हणून किनारा अभियंता संभाव्यता काढून हा आकडा थोडा खाली आणू शकतो. पण सुरुवात पूर्ण बेरजेपासून करावी. समुद्रपातळीच्या वाढीसाठी आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) २०२१ च्या अहवालातले आकडे हाताशी ठेवा: १९९५–२०१४ च्या तुलनेत २१०० पर्यंत जागतिक सरासरी वाढ, उत्सर्जन सर्वांत कमी राहिलं तर ०.२८ ते ०.५५ मीटर आणि फार जास्त राहिलं तर ०.६३ ते १.०१ मीटर. जागेची जमीन खचत असेल तर तेवढी भर वेगळी.

या हिशेबातली नेहमीची घोडचूक आधारपातळीची, म्हणजे जिथे शून्य धरून उंची मोजतात त्या पातळीची. भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या उंच्या सागरी नकाशाच्या आधारपातळीपासून मोजलेल्या असतात आणि ती पातळी सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपास असते. जमिनीची मोजणी मात्र बहुधा सरासरी समुद्रपातळीपासून होते. दोन्ही आकडे न जुळवता एकाच कागदावर आले, तर मोठ्या भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर दोन-तीन मीटरचा घोळ होतो. छेदचित्राच्या कोपऱ्यात एकच आधारपातळी ठळक लिहा आणि प्रत्येक सल्लागाराकडून तिच्यावर सही घ्या.

नदीकाठी नोंदीतला सर्वांत मोठा पूर आणि वरच्या धरणातून होणारा विसर्ग हे दोन आकडे पाहायचे. जलाशयाकाठी उलट बाजूही तपासावी लागते. कोरड्या महिन्यांत पाणी मागे सरकतं आणि ज्या खिडकीसाठी पाहुणा जास्त पैसे मोजणार आहे, तिच्यासमोर भेगाळलेला गाळ पसरतो. म्हणून सर्वांत खालच्या पातळीचंही छेदचित्र काढा. इमारत थोडी उंचावर नेली किंवा खोल पात्राच्या वळणाकडे तिरकी केली, तर बारा महिने पाणी दिसतं.

मुख्य पातळी ठरली की तिच्याखाली काय ठेवायचं नाही याची यादी करा: वीज उपकेंद्र, जनरेटर आणि त्याचं पॅनेल, आगीचे पंप, सर्व्हर, लाँड्री, कोठार. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या लोअर मॅनहॅटन भागातल्या कितीतरी इमारती भिंती शाबूत असूनही बंद पडल्या, कारण विजेची पॅनेलं आणि पंप तळघरात होते आणि खारं पाणी त्यांत शिरलं. खाली ठेवायचंच तर वाहनतळ आणि जलक्रीडेचं सामान ठेवा. तिथल्या भिंती आणि फरश्या पाण्याच्या फवाऱ्याने धुता येतील अशा, विजेचे पॉइंट पूररेषेच्या वर, आणि आडव्या भिंती दाब आला की सुटून जातील अशा हलक्या. लिफ्टच्या खड्ड्यात पाण्याची चाहूल घेणारा सेन्सर बसवून, पाणी आलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर जाऊन थांबेल असं सेटिंग करून घ्या.

श्रीलंकेतलं वास्तुविशारद जेफ्री बावा यांचं कंदलामा हॉटेल १९९४ मध्ये जलाशयाकाठी उभं राहिलं. इमारत खांबांवर उचलली आहे, त्यामुळे डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी तिच्याखालून वाहत जातं. छपरांवर झाडी आहे. पाण्याला वाट द्यायची की त्याच्याशी झुंजायचं, हा निर्णय तिथे छेदचित्रातच झालेला दिसतो.

किनाऱ्याच्या संरक्षणासाठी सरळ उभी भिंत बांधायचा मोह टाळा. तिच्यावर आपटलेली लाट जोर न गमावता परत फिरते, भिंतीच्या पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि ज्या पुळणीसाठी हॉटेल बांधलं ती पुळणच काही वर्षांत नाहीशी होते. उतरत्या दगडी बांधात लाट खडकांच्या फटींत शिरून विरते. दुबईचं बुर्ज अल अरब १९९९ मध्ये किनाऱ्यापासून २८० मीटरवरच्या कृत्रिम बेटावर उघडलं, त्या बेटाच्या कडेला याच कारणासाठी पोकळ काँक्रीटचे ठोकळे रचले आहेत. लाट पोकळीत शिरते, आतल्या आत फिरते आणि थकते. जिथे वाळूच्या टेकड्या शाबूत आहेत तिथे त्यांना हात लावू नका. त्यांवर मर्यादावेल पसरू द्या आणि पाहुण्यांसाठी वरून लाकडी पायवाट न्या.

खारे वारे, मतलई वारे

दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येतो. रात्री तो उलटतो. शाळेच्या भूगोलातली ही गोष्ट हॉटेलच्या आराखड्यात मात्र हमखास विसरली जाते. स्वयंपाकघराची चिमणी, जनरेटर आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्र जमिनीच्या बाजूला ठेवलं की काम झालं असं वाटतं. दुपारी ते खरंही असतं. पण पाण्याकाठच्या रेस्टॉरंटची खरी वेळ रात्री आठ ते अकरा, आणि तेव्हा मतलई वारा हाच सगळा वास जेवणाऱ्यांच्या टेबलांवर आणून टाकतो. म्हणून या तीन गोष्टी दोन्ही वाऱ्यांच्या रेषेतून बाजूला, इमारतीच्या टोकाला न्या, आणि चिमण्या सर्वांत उंच छपराच्या वर काढा.

बसून जेवण्याच्या जागी वाऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या आत असावा, नाहीतर रुमाल उडतात आणि मेणबत्त्या विझतात. आडोशासाठी सलग भिंत किंवा काच उभी केली तर वारा तिच्यावरून उडी मारून मागे भोवरा करतो. साधारण निम्मी उघडी असलेली जाळी किंवा दाट झुडपांची रांग जास्त चांगलं काम करते, आणि तिच्या उंचीच्या पाच ते दहा पट अंतरापर्यंत वारा सौम्य राहतो.

प्रवेशद्वार जमिनीच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. पोर्चची मोकळी उंची ४.५ मीटर ठेवली की मोठी बस खालून जाते. दार आणि लॉबी यांच्यामध्ये दोन दारांची कोठडी किंवा फिरतं दार हवंच. पाण्याकडचं दार आणि हे दार एकाच वेळी उघडलं की लॉबीतून वाऱ्याचा झोत वाहतो, आणि एसीची थंड हवा बाहेर जाते ती वेगळीच.

खोली: बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून

आलिशान खोलीला ४५ ते ५० चौरस मीटर क्षेत्रफळ लागतं, पण पाण्याकाठी त्याहून मोलाची असते ती दर्शनी रुंदी. ४.५ ते ५ मीटर रुंदी मिळाली तर पलंग, बैठक आणि स्नानगृहाची खिडकी या तिघांना पाणी वाटून देता येतं. कॉरिडॉरच्या एकाच बाजूला खोल्या ठेवल्या तर प्रत्येकीला पाणी समोर मिळतं, पण कॉरिडॉर आणि बाहेरच्या भिंतीचा खर्च जवळजवळ दुप्पट पडतो. दोन्ही बाजूंना खोल्या हव्या असतील तर अख्खी इमारत किनाऱ्याशी काटकोनात फिरवा आणि बाल्कन्या करवतीच्या दात्यांसारख्या ३० ते ४५ अंशांत वळवा. पाणी तिरकं दिसतं, पण सगळ्यांना दिसतं.

आता कठडा. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे फरशीपासून साधारण १.२ मीटरवर असतात, पलंगावर टेकून बसलेल्याचे १ मीटरच्या आसपास. बाल्कनीचा कठडा बहुतेक नियमांत १ ते १.१ मीटर असतो. म्हणजे कठड्याचा वरचा दांडा बरोबर क्षितिजावर येतो आणि पलंगावरून समुद्राऐवजी एक पट्टी दिसते. उपाय स्वस्त आहे, फक्त तो स्लॅब ओतण्याआधी सुचला पाहिजे: बाल्कनीची फरशी खोलीपेक्षा १२० ते १५० मिलिमीटर खाली घ्या. दांडा नजरेतून तेवढाच उतरतो, आणि वाऱ्याने रेटलेलं पावसाचं पाणी उंबरा ओलांडून आत येत नाही. चाकाच्या खुर्चीसाठीच्या खोल्यांत याच खोलगट जागेवर आधारांवर उचललेल्या फळ्या बसवून फरशी समपातळीत आणा आणि उंबऱ्याला लागून झाकणदार पन्हळ द्या. बाल्कनीच्या मूळ स्लॅबला बाहेरच्या बाजूला ८० ला १ उतार पुरतो. दारापासून कठड्यापर्यंत बाल्कनी किमान १.८ मीटर ठेवा. दीड मीटरच्या बाल्कनीत दोन आरामखुर्च्या बसतात, पण त्यांच्यापुढून जाता येत नाही.

काचेचा कठडा जाहिरातीच्या फोटोत सुंदर दिसतो. खाऱ्या हवेत तो चार-पाच दिवसांत धुरकट होतो आणि बाहेरची बाजू धुवायला दोरावर माणूस लटकवावा लागतो. आडव्या तारा मुलं शिडीसारख्या चढतात, आणि कालांतराने त्या सैल पडतात. उभ्या, पातळ पट्ट्या, त्यांची धार खोलीकडे वळवून, हा पर्याय आम्ही सर्वांत चांगला मानतो. समोरून त्या जवळजवळ नाहीशा होतात आणि शेजारच्या बाल्कनीतून तिरकं पाहिलं तर भिंतीसारख्या दिसतात. दोन पट्ट्यांमधली फट १०० मिलिमीटरपेक्षा कमी ठेवा. वरचा दांडा गोलसर किंवा उतरता करा, म्हणजे त्यावर कुणी पेला ठेवणार नाही.

सरकत्या काचेच्या दारांत तीन गोष्टी बिघडतात. खालच्या रुळात वाळू साचते, पाणी बाहेर जायची भोकं बुजतात, आणि पुढच्या वादळात रूळ भरून पाणी गालिच्यावर येतं. चाकं गंजून दार जड होतं. आणि दोन काचांमधला साधा थर उघड्या कडेला ओल पिऊन पांढुरका पडतो, म्हणून तिथे आयोनोप्लास्ट जातीचा ताठ थर मागा. चक्रीवादळाच्या पट्ट्यात काच उडत्या वस्तूंचा मारा सोसेल अशी प्रमाणित हवी. अमेरिकेतल्या मायामी-डेड परगण्याच्या प्रसिद्ध चाचणीत सुमारे ४.१ किलो वजनाचा लाकडी वासा सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने काचेवर मारतात. काच तडकली तरी चालते, भोक पडता कामा नये.

पाण्यावरून येणाऱ्या चकाकीचा विचार वेगळा करावा लागतो. डोक्यावरचं ऊन पाणी जेमतेम २ टक्के परतवतं, पण सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर आला की तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त प्रकाश परत फिरतो. आणि तो खालून येतो, त्यामुळे वरची छज्जी त्यापुढे निकामी. पश्चिमेकडच्या खोल्यांत उभ्या झडपा किंवा खालून वर चढणारे पडदे लावा. छत अगदी चकचकीत पांढरं न करता किंचित मंद रंगाचं ठेवा, म्हणजे दुपारचे कवडसे त्यावर नाचताना दिसतील आणि डोळ्यांना टोचणारही नाहीत. रात्री प्रश्न उलटतो. खोलीत उजेड जास्त असला की काचेत खोलीच दिसते, पाणी नाही. छतातले दिवे काचेपासून दूर ठेवा आणि पलंगाजवळच्या एका बटणात सगळा उजेड गुडघ्याच्या पातळीवर आणायची सोय द्या.

खिडकीला लागून टब ठेवणार असाल, तर होडीत बसलेल्या माणसाला तिथून काय दिसतं ते आधी होडीत बसून पाहा.

मीठ

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतलं १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड. लाटांचे तुषार वाऱ्यावर आत येतात आणि प्रत्येक पृष्ठभागावर पातळ थर बसतो. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओल धरून पाझरतं, पाऊस नसतानाही. यामुळेच सर्वांत आधी गंजतात त्या पावसाने न धुतल्या जाणाऱ्या जागा: छज्जाची खालची बाजू, दिव्याच्या मागची पट्टी, खुर्चीच्या खालचे स्क्रू. तपासणीला गेलात तर मान वर करून आणि वाकून पाहा.

काँक्रीटमध्ये मीठ सळईपर्यंत पोचलं की गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. कायम पाण्याखाली असलेल्या खांबाला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून तो तुलनेने बरा राहतो. खरा मार बसतो तो ओला-कोरडा होणाऱ्या तुषारपट्ट्यात. तिथे सळईवर ६५ ते ७५ मिलिमीटर कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर), त्याच्या वरच्या भागात किमान ५०. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४० च्या आत, आणि सिमेंटचा निम्मा किंवा थोडा जास्त हिस्सा लोखंडाच्या भट्टीतल्या स्लॅगचा (मळीचा). स्लॅगचं काँक्रीट सावकाश घट्ट होतं, तेव्हा गोड्या पाण्याने किमान दहा दिवस क्युअरिंग करा. कव्हर राखायला सळईखाली ठेवायचे ब्लॉक त्याच दर्जाच्या काँक्रीटचे घ्या. बाइंडिंग वायरची टोकं आत वळवायला सांगा. बाहेर आलेलं एक टोक गंजाची वाट सळईपर्यंत नेतं.

स्टेनलेस स्टील म्हटलं की निर्धास्त होऊ नका. ३०४ दर्जाचं इथे टिकत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, तरी खरखरीत पॉलिश असलं तर त्यावरही चहासारखे तपकिरी डाग पडतात. खरखरीतपणा ०.५ मायक्रॉनच्या आत, ब्रशच्या रेषा उभ्या, आणि साइटवर साध्या लोखंडाचं ग्राइंडिंग त्याच्या आसपास अजिबात नाही, कारण ते कण चिकटून दुसऱ्याच आठवड्यात डाग उमटतात. लाटांना अगदी लागून असलेल्या भागासाठी २२०५ डुप्लेक्स हे आणखी गंजरोधक स्टील घ्या.

एका ठिकाणी ३०४ आणि ३१६ दोन्ही वर्ज्य आहेत: बंदिस्त स्विमिंग पूलच्या वर भार पेलणारे आणि कधी न धुतले जाणारे टांगण. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे अशा पूलचं काँक्रीटचं छत कोसळून १२ जणांचा जीव गेला. ते स्टेनलेस स्टीलच्या टांगणांवर होतं, आणि क्लोरीनयुक्त वाफेत ताणाखालचं स्टील बाहेरून फारसं न गंजता आतून तडकत गेलं होतं. डोळ्यांनी पाहून हे कळत नाही, म्हणून अशा जागी रचना मुळातच टांगती ठेवू नये.

अॅल्युमिनियमच्या चौकटींना सागरी दर्जाचं पावडर कोटिंग मागा, तेही आधी अॅनोडाइझ करून. कापलेली टोकं उघडी सोडू नका. स्टेनलेस स्क्रू थेट अॅल्युमिनियमला टेकला की भोकाभोवती पांढरी भुकटी जमते, मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. लाकडी फळ्या १४० मिलिमीटरपेक्षा रुंद नकोत आणि दोन फळ्यांत ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवा. ओल्या पायांच्या सगळ्या वाटांवर निसरडेपणा मोजणाऱ्या लंबक चाचणीत ३६ किंवा जास्त गुण मिळवणारीच फरशी लावा. संगमरवर कितीही मागितला गेला तरी पूलच्या कडेला नाही.

ओल आणि एसी

उष्ण-दमट किनाऱ्यावरच्या हॉटेलांत भिंतीवरचा विनाइल वॉलपेपर काही महिन्यांत फुगतो आणि मागे गुलाबी-काळी बुरशी सापडते. दोष कागदाचा नसतो. स्नानगृहाचे पंखे खोलीतली हवा सतत बाहेर फेकतात, तेवढी हवा आत सोडलेली नसते, मग खोली बाहेरची दमट हवा भिंतीच्या फटींतून ओढून घेते. ती थंड भिंतीवर, विनाइलच्या मागे, पाणी होऊन बसते, कारण विनाइल तिला पुढे जाऊ देत नाही. म्हणून ताजी हवा वेगळ्या यंत्रात आधी कोरडी करून, बाहेर टाकलेल्या हवेपेक्षा ५ ते १० टक्के जास्त सोडा. बाहेरच्या भिंतींना वाफ आरपार जाऊ देणारा रंग लावा. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, खोली रिकामी असतानाही. बाल्कनीच्या दाराला स्विच बसवून, ते मिनिट-दोन मिनिटं उघडं राहिलं की एसी थांबेल असं करा. बाहेरच्या एसी यंत्रांच्या कॉइलवर कारखान्यातूनच इपॉक्सीचा लेप हवा. साइटवर फवारलेला लेप पात्यांच्या आत पोचत नाही.

किनाऱ्यालगतच समुद्र खोल होत असेल, तर थंडावा थेट तिथून घेता येतो. बोरा बोरा बेटावरच्या एका रिसॉर्टमध्ये २००६ पासून सुमारे ९०० मीटर खोलीवरचं साधारण ५ अंश सेल्सिअसचं पाणी नळीने वर आणून एसी चालतो. समुद्र उथळ असेल तर इतकी लांब नळी परवडत नाही.

कड नसलेला स्विमिंग पूल

म्हणजे इन्फिनिटी पूल: पाणी एका कडेवरून पलीकडच्या पन्हळीत वाहत राहतं, म्हणून कड दिसत नाही. पाहुणा फोटो याचाच काढतो, आणि सर्वांत जास्त तक्रारीही याच्याच. क्रम असा ठेवा.

१. प्रथम सनबेडवर पहुडलेल्या आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून रेषा काढा. कडेपलीकडची पन्हळ, रस्ता आणि खालच्या मजल्याचं छप्पर या रेषेखाली लपलं पाहिजे. मधली पट्टी दिसली तर पूल आणि समुद्र एक होत नाहीत.

२. कडेवरून वाहणाऱ्या पाण्याचा थर ६ मिलिमीटर धरा. त्यासाठी दर मीटर लांबीला तासाला सुमारे ३ घनमीटर पाणी लागतं, म्हणजे २० मीटरच्या कडेला ६० घनमीटरच्या वर. थर ३ मिलिमीटर केला की प्रवाह निम्मा न होता जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. याच गणितामुळे कडेची पातळी पूर्ण लांबीत २ मिलिमीटरच्या आत हवी. ५ मिलिमीटर कललेली कड एका टोकाला धबधबा आणि दुसऱ्या टोकाला कोरडी. काँक्रीटकडून ही अचूकता मागू नका. पूल भरा, स्थिर पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि शेवटची टाइल त्या खुणेला लावा.

३. बॅलन्सिंग टँक, म्हणजे कडेवरून सांडलेलं पाणी साठवणारी टाकी, मोठा घ्या. २०० चौरस मीटरच्या पूलमध्ये पंप थांबताच कडेवरचं १.२ घनमीटर पाणी खाली येतं. ४० पोहणारे, माणशी ७५ लिटर, म्हणजे आणखी ३. फिल्टर उलटं धुण्यासाठी ५. बेरीज ९.२, म्हणून १२ ते १५ घनमीटर. टँक लहान पडला की मुलांचा घोळका पाण्यात उतरताच पाणी गटारात जातं, आणि ते बाहेर आले की पंप हवा ओढतो.

४. टाइल लावण्याआधी पूल भरून ७२ तास ठेवा. पायरीवर पाण्याची बादली ठेवा. बादलीतलं पाणी जेवढं घटलं तेवढं बाष्पीभवन, त्याहून जास्त घट म्हणजे गळती.

५. तळाची शोषणछिद्रं दोन, एकमेकांपासून किमान एक मीटरवर, केस किंवा शरीर ओढलं जाणार नाही अशा प्रमाणित झाकणांची. इथे तडजोड नाही.

६. सगळं पाणी चार तासांत एकदा गाळलं जावं. मुक्त क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.८.

वारा समोरून आला की तो पाणी कडेपासून मागे ढकलतो, आणि कड अधूनमधून उघडी पडते. वारामापक जोडून पंपाचा वेग आपोआप बदलेल अशी सोय करा. पूल छपरावर नेणार असाल तर इमारतीच्या हालचालीचा विचार आला. सिंगापूरच्या मरिना बे सँड्समध्ये सुमारे १५० मीटर लांबीचा पूल तीन मनोऱ्यांवरून जातो. मनोरे वाऱ्यात वेगवेगळे हलतात, म्हणून पूलच्या खाली हालचाल सामावणारे सांधे दिलेले आहेत.

धक्का

भरती-ओहोटीतला फरक मीटरच्या वर असेल तर तरंगता धक्का घ्या, नाहीतर ओहोटीला पाहुण्यांना होडीतून शिडीने चढावं लागतं. जोडपुलाचा उतार सर्वांत खालच्या ओहोटीला मोजा. चाकाच्या खुर्चीसाठी १२ ला १ हवा, आणि त्यामुळे जोडपूल बराच लांब होतो. होड्यांना वीज देणाऱ्या खांबांवर ३० मिलिअँपियर प्रवाह गळताच वीज तोडणारी सुरक्षा बसवा. गोड्या पाण्यात याचं महत्त्व आणखी वाढतं: माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा चांगलं विद्युतवाहक असल्याने गळका प्रवाह पोहणाऱ्यातून जातो. धक्क्याजवळ पोहण्यास मनाई करा आणि तसा फलक लावा. समुद्रातल्या लाकडी खांबांना जहाजकिडा पोखरतो, वरून खांब धडधाकट दिसतो.

वाळू, टॉवेल, दिवे

पुळणीवरून येणाऱ्या प्रत्येक वाटेवर पाय धुण्याचे नळ द्या, गुडघ्याच्या उंचीवर, बसायला दगडी कट्ट्यासह. नळाखाली वाळू पकडणारा खड्डा आणि तो उपसायला झाकण. हे विसरलं तर वाळू लिफ्टच्या रुळांत, पूलच्या फिल्टरमध्ये आणि लाँड्रीच्या नळ्यांत जाते. १०० खोल्यांच्या हॉटेलात २०० पाहुणे धरा आणि गर्दीच्या वेळी निम्मे पाण्यावर, म्हणजे १०० सनबेड, प्रत्येकी ३ ते ४ चौरस मीटर जागेसह. टॉवेल माणशी दिवसाला दोन ते तीन. ते टाकायची कोठडी पूलला लागून हवी, आणि तिथून लाँड्रीपर्यंतची वाट पाहुण्यांच्या वाटेला कुठेही छेदता कामा नये. नारळाची झाडं सनबेडवर झुकलेली असतील तर फळं नियमित उतरवा.

स्पाबद्दल थोडक्यात: वाफेच्या खोलीचं छत उतरतं किंवा घुमटाकार करा, नाहीतर गार थेंब अंगावर पडतात. गरम पाणी ६० अंशांवर साठवा आणि नळापर्यंत ५० च्या खाली येऊ देऊ नका, कारण कोमट पाण्यात लिजिओनेला हा फुप्फुसाचा आजार करणारा जिवाणू वाढतो.

कासवं अंडी घालतात अशा पुळणीवर बाहेरचे दिवे खुजे, झाकलेले आणि अंबर रंगाचे, ५६० नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचे ठेवा. अंड्यांतून निघालेली पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात. पांढऱ्या दिव्यांमुळे ती समुद्राऐवजी हॉटेलकडे वळतात.

उघडण्यापूर्वी

एक नमुना खोली सहा महिने आधी पूर्ण करा आणि तिच्यात प्रत्यक्ष राहा: पावसात, दुपारच्या चकाकीत, जोराच्या वाऱ्यात. बाल्कनीच्या दारावर पाण्याचा फवारा मारून पंधरा मिनिटं आत बसा. वाऱ्याने दाराची शीळ वाजते का ते ऐका. रात्री दहा वाजता टेरेसवर बसून स्वयंपाकघर आणि जनरेटर दोन्ही चालू करायला सांगा.

धुण्याचं वेळापत्रक कंत्राटातच लिहा. लाटांच्या बाजूचं स्टील आणि दारांचे रूळ आठवड्याला, चौकटी आणि दिवे महिन्याला, एसीच्या बाहेरच्या कॉइल तीन महिन्यांनी, सगळं गोड्या पाण्याने. त्यासाठी प्रत्येक मजल्याच्या दर्शनी बाजूला दर २० मीटरवर नळाचा पॉइंट हवा, आणि त्याची पाइपलाइन प्लास्टरच्या आधी टाकावी लागते.